अण्णांची तहान

रविवार, २ मार्च २०२५
गांधीधाम

चि. तनुजा हिस सुदर्शनदादाचे आशीर्वाद.

वर श्री लिहिला नाही. सुतक फिटलं तरी अजून हात होत नाही. मी इकडं बरा आहे, तू तिकडं बरी असशील, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. बरी नाहीस हे मला कळलंय. तुझा फोन बंद, पण तुझ्या खोलीतली श्रेया मला फोन करते. तिच्यावर चिडू नकोस. ती म्हणाली, तनुजा औरंगपुऱ्यातल्या अँब्युलन्सच्या वर्गाला जात नाही, खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असते. ग्लास भरून घेते, हातात धरून बसते आणि मोरीत ओतून देते. "दादा, ती धड पाणीच पीत नाही, ओठ फुटलेत तिचे," एवढं म्हणून ती पोरगी फोनवर रडायला लागली. परक्याची पोरगी. मी हां हां म्हणालो आणि फोन ठेवला.

म्हणून हे पत्र. विश्वजीत म्हणून आपल्या पैठणचा एक ड्रायव्हर आहे. वाळूजला माल घेऊन निघालाय, तो गुलमंडीत येऊन तुझ्या हातात देईल. त्याला चहा विचार. माणूस चांगला आहे, फक्त बोलतो लई. माझं अक्षर तुला माहीतच आहे, सातवीत शाळा सुटली तेव्हा जिथं होतं तिथंच थांबलंय. लागलं नाही तर श्रेयाकडून वाचून घे. नको, तिला देऊ नको. एकटीच वाच.

आधी कामाचं लिहितो. अण्णांच्या माघारी आता घरात कडुबा नानाच मोठे, चुलते असले तरी बापाच्या जागी. त्यांनी मला सांगितलंय की तनुजाला कळव, शिक्षण झालं तेवढं पुरं. अँब्युलन्सचा नाद सोड, सामान आवर आणि कन्नडच्या एसटीत बस. आईचं पण तेच म्हणणं आहे. म्हणजे आई काही म्हणत नाही, नाना म्हणतात तेव्हा ती गप्प बसते. तर थोरला भाऊ म्हणून मी लिहितो की घरी ये. लिहिलं. आता नानांनी विचारलं तर लिहिलं म्हणून सांगता येईल.

घरचं बाकी ठीक. उसाला तोड आली, नानांनी उभं राहून करून घेतली. म्हैस आटत आलीय. अण्णांची चप्पल आईनं अजून उंबऱ्याच्या आतच ठेवलीय, कुणाला हलवू देत नाही. माझं इथं तेच चाललंय, गॅसनं लोखंड कापायचं. दिवसभर ठिणग्या, आणि सुट्टी झाली की खाडीकडून खारा वारा, ओठाला सारखी मिठाची चव. वाळूजची कंपनी सोडली, पुण्याचं हॉटेल सोडलं, सुरत सोडली. इथून पण निघावंसं वाटतंय, पण आता कुठं जाऊ. आधी कुठूनही पळालो तरी अण्णा दारात म्हणायचे, "आला का फिरून?" ते म्हणायला कुणी असलं म्हणजे पळता येतं.

तने, मला खरं लिहायचंय ते वेगळंच आहे आणि मी म्हशीचं लिहीत बसलोय.

तुझ्या पुस्तकापासून सुरू करतो. तू पानांचे फोटो पाठवायचीस, मी इकडून प्रश्न वाचायचा आणि तू तिकडून उत्तर द्यायचं. 'अंतर्गत रक्तस्राव' म्हणताना माझी जीभ अडकायची आणि तू मला मुद्दाम परत परत म्हणायला लावायचीस. सोबतची गडीमाणसं म्हणायची, "ये मराठी रोज किस डॉक्टर से बात करता है?" मला लई भारी वाटायचं. जखमीजवळ गेल्यावर आधी काय बघायचं, मी विचारायचो. तू म्हणायचीस श्वास. नापास. आधी जागा बघायची, मागून ट्रक येत असला तर तूच वर जाशील. मग दोघं पडलेत, एक बोंबलतोय, एक गप आहे, आधी कुणाकडं जायचं? तू म्हणालीस, गप आहे त्याच्याकडं, बोंबलणाऱ्याचा श्वास चालू आहे. मी म्हणालो, म्हणजे आपल्या घरात आधी तुझ्याकडं बघावं लागणार, मी तर जन्मल्यापासून बोंबलतोय. तू किती हसली होतीस. आता खरंच तू गप झालीस आणि मला तुझ्यापर्यंत येता येत नाही.

त्यातच तो प्रश्न होता. पोटाला मार लागलाय, अंग गार पडलंय, नाडी पळतेय आणि माणूस पाणी मागतोय, काय करायचं? तू पटकन म्हणालीस, "पाजायचं की, त्यात विचारायचं काय?" मी मागचं पान काढून वाचलं. आत रक्त वाहायला लागलं की तहान लागते. पाणी मागणं ही आत रक्त जातंय त्याची खूण. तोंडातून काही द्यायचं नाही. पोटातलं उलटून श्वासाच्या नळीत जातं, पुढं ऑपरेशनला अडचण होते. ओठ ओले करायचे, पांघरूण घालायचं आणि लवकर दवाखाना गाठायचा. तू म्हणालीस, "लई कडक आहे रे दादा हे." आणि मी ते तुझ्याकडून पाठ होईपर्यंत म्हणून घेतलं. मास्तर झालो होतो ना मी.

त्या दिवशी काय झालं ते गावात मला सगळ्यांनी सांगितलं, प्रत्येकानं आपापलं. सकाळचं धुकं, उसाची ट्रॉली रस्त्यात बंद पडलेली, मागं ना लाल दिवा ना फडकं. अण्णा गाडीवर बाजाराला निघालेले, ते थेट ट्रॉलीच्या मागच्या बाजूवर गेले. तू सुट्टीला आलेलीस, ओरडा ऐकून वावरातून पळत गेलीस. लोकं त्यांना हातापायाला धरून जीपमधे टाकायला निघालेली. तू आडवी पडलीस. त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून बसलीस, कोठ्याचं दार काढून आणायला लावलंस आणि सगळ्यांकडून एका दमात, मान न हलवता, त्यांना दारावर घेतलंस. हे मला एकट्या शेजारच्या गोजरबाईनं सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी थरथरत व्हती, पण हात हलले नाय तिचे." बाकी कुणाच्या तोंडात हे नाही. बाकीच्यांच्या तोंडात पाणी आहे. कडुबा नानांनी तांब्या आणला. अण्णा म्हणाले, "तने, पाणी दे गं." आणि तू तांब्या कोपरानं बाजूला सारलास.

कापड भिजवून त्यांच्या ओठाला लावलंस ते पण सांगतात, पण कसं, तर "थेंब थेंब चाटवला बापाला" असं.

मग कन्नडची अँब्युलन्स आली, तू बरोबर गेलीस, आणि वेरूळ मागं पडल्यावर अण्णा गेले. शहर पुढंच होतं.

मी पोचेपर्यंत लोकं अग्नीसाठी थांबली होती. मी अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी तू निघून गेलीस, मी अडवलं नाही, कारण मला दिसत होतं. तू ओसरीवर आलीस की काकू न बोलता भरलेला तांब्या तुझ्यापुढं आणून ठेवायची. एकदा म्हणाली सुद्धा, "घ्या डाक्टरीण बाई, आता पाजा कुणाला पाजायचं ते." तू तांब्याकडं बघत राहिलीस. मी तिथंच बसलेलो, विडी ओढत.

दहाव्याला तू नव्हतीस. तिथं काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसणार. मी आतापर्यंत इकडचं तिकडचं लिहिलं ते ह्याच्यासाठी.

शिवना नदीच्या काठाला पिंड ठेवला. कावळा येईना. येतो, बाभळीवर बसतो, बघतो, उडून जातो. ऊन चढलं, बायाबापड्या उपाशी, गुरुजी सारखे मोबाईलमधे वेळ बघतायत. मग नेहमीप्रमाणं बोलायला सुरुवात झाली. मी हात जोडून म्हणालो, आईला सांभाळीन. नाही शिवला. म्हणालो, भटकणं सोडीन, एका जागी राहीन. मागून कुणीतरी बोललं, "हे तर बन्सीला जिवंतपणी पण पटलं नसतं," आणि त्या तसल्या वेळी पण लोकं हसली. कावळा बसून. मग नाना माझ्या कानाशी आले.

"तनीचं बोल."

"तिचं काय बोलू?"

"जीव पाण्यात अडकलाय त्याचा. म्हण, तनुजा हे शिक्षण सोडंल, पुन्यांदा कुणाच्या तोंडचं पाणी तोडणार नाय. बोल की लवकर."

मी आईकडं बघितलं. ती पिंडाकडं बघत होती. आणि मी बोललो. मोठ्यानं बोललो, तने. सगळ्यांना ऐकू जाईल असं. माझं तोंड मिटायच्या आत कावळा खाली आला आणि शिवला.

लोकं "बघा, बघा" म्हणाली. काकू रडायला लागली, नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला पण त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला लिहू. अण्णा सुटले असं वाटलं. मग गाडीत बसल्यावर कळलं की मी तुला बांधून दिली. तुला न विचारता, तू तिथं नसताना, तुझ्या नावानं मेलेल्या बापाला शब्द दिला. आता नाना तुला बोलावतात ते त्या शब्दावर. गाव म्हणतंय, पोरगी आली नाही तर बन्सी तहानलेला फिरल. आईला हे सगळं ऐकावं लागतं. आणि मी ते लिहून कळवायचं, कारण शब्द माझा.

मी हे पत्र परवाच लिहिणार होतो, नुसतं 'घरी ये' एवढंच. तेव्हा तेवढंच लिहिलं असतं. पण शुक्रवारी इथं एक झालं.

माझ्या शेजारी एक बिहारी गडी काम करतो. साखळी निसटली आणि लोखंडाची जाड पट्टी त्याच्या कमरेवर आली. पट्टी उचलली सगळ्यांनी मिळून. बाहेर रक्त काहीच नव्हतं, कातडं पण फाटलेलं नव्हतं, म्हणून लोकं म्हणाली वाचला. मी त्याचा हात धरला तर हात गार, घाम पण गार, आणि नाडी अशी पळत होती की मोजता येईना. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "भैया, पानी."

माझ्याच हातात बाटली होती, तने. मुकादमानं दिलेली, झाकण काढलेली.

मला पुस्तकातलं काही आठवलं नाही. अण्णाच आठवले. ते ज्या आवाजात म्हणाले असतील तो आवाज मी ऐकलेला नाही, पण तोच ऐकू आला. माझा हात पुढं गेला. बाटली त्याच्या तोंडापर्यंत गेली. आणि तिथं मला असं वाटलं की आता पाजलं म्हणजे मी ह्याला सोडून दिला. आपल्याकडं तोंडात पाणी घालतात ते कधी घालतात? माणूस आता राहत नाही असं सगळ्यांनी मनात धरलं की. त्या रस्त्यावर सगळ्यांनी अण्णांना गेलेलं धरलं होतं. नानांनी तांब्या आणला तो त्यासाठीच. तू एकटीनं धरलं नव्हतं. तू त्यांना शहरापर्यंत न्यायला निघाली होतीस.

मी बाटली मागं घेतली. सदऱ्याचं टोक भिजवून त्याच्या ओठाला लावलं. तो ते टोक चोखायला लागला, लहान लेकरासारखा. मागून लोकं मला आईवरून शिव्या देत होती, एक जण म्हणाला, "कसाई है क्या, मरते को पानी नहीं देता?" मी म्हणालो, मरते को नहीं दे रहा, ये मर नहीं रहा. म्हणालो खरं, पण मला कुठं माहीत होतं. तो मेला असता तर आज मी पण तुझ्यासारखाच कुठल्या तरी भिंतीकडं तोंड करून पडलो असतो. तो अजून दवाखान्यात आहे. ऑपरेशन झालंय, डोळे उघडतो, बोलत नाही. वाचंल का नाही कुणी सांगत नाही. काल गेलो, आज पण जाऊन आलो, दोन्ही वेळा बाहेरच उभा राहिलो. त्याच्या घरच्यांना काय सांगायचं ते मी पाठ करून ठेवलंय, आणि दर वेळी अर्ध्यात विसरतो.

तुला हे किती जड गेलं ते मला त्या बाटलीनं शिकवलं. तुझा तर बाप होता. आणि ते तुला नावानं हाक मारून मागत होते.

काल मी आईला फोन लावला. मला जमलं तसं सांगितलं. आत रक्त जातं म्हणून तहान लागते, पाजलं असतं तर ते श्वासात गेलं असतं, तनी त्यांना वाचवायला बघत होती. मला वाटलं फोन कट झाला. मग आई म्हणाली, "मंग व्हट कशाला वल्ले केले तिनं?"

मी म्हणालो, "तहान दिसत होती ना, आई. पाजता येत नव्हतं म्हणून."

"कशानं केले? पदरानं?"

"कापसाच्या कापडानं. स्वच्छ असतं ते."

मग म्हणाली, "म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय," आणि फोन ठेवून दिला. तिला पटलं का नाही, मला कळलं नाही. रडली असंल तर माझ्या माघारी. तू तिच्याकडून एवढ्यात काही अपेक्षा ठेवू नकोस. तिचा नवरा गेलाय आणि सगळं गाव तिला सांगतंय की तो तहानलेला गेला. उद्या पुन्हा फोन करीन, पुन्हा तेच सांगीन. परवा पुन्हा.

आता वर जे लिहिलं ते खोड. खरंच खोड, पेन घे आणि 'घरी ये' वर रेघ मार. सामान घेऊन येऊ नकोस. आईला भेटायला ये, दिवसभर बस तिच्यापाशी, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जा. काकूनं तांब्या पुढं ठेवला तर उचल आणि पी तिच्यासमोर. परीक्षेचं श्रेयानं सांगितलं, जवळ आलीय म्हणून. देशील का नाही ते तुझं तू बघ. मी आता तुझ्या नावानं कुणालाच काही बोलणार नाही, मेलेल्याला नाही आणि जित्याला पण नाही. फक्त सोडायचं असलं तर तुझ्या मनानं सोड, त्या कावळ्याच्या नको.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. मी तुझ्यासारखा शिकलेला नाही. अण्णांना दिलेला शब्द मोडल्यावर ते कुठंतरी घसा कोरडा घेऊन उभे राहतील, असं मला अजून वाटतं. लिहिताना पण वाटतंय. पण मग मी असा विचार करतो की ते उभे राहिले तर माझ्यापुढं राहतील. शब्द मी दिला, मीच मोडतोय, तुझा त्यात हात नाही. त्यांना जे विचारायचंय ते मला विचारू देत. नानांना पण मी आजच फोन करून हेच सांगणार आहे. ते शिव्या देतील, घरात पाय ठेवू नको म्हणतील, म्हणू देत.

तू फक्त ग्लास ओतून देऊ नकोस. तने, अण्णांची तहान तुझ्या घशात घेऊन ती भागणार नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, मला नुसतं माहीत आहे. आणि फोन चालू कर. बोलू नको, नुसता उचल आणि धर कानाला, मी पण बोलणार नाही. तू श्वास घेतेस एवढं ऐकू आलं तरी मला बास.

अण्णांना दिलेला शब्द आज मोडलेला,
तुझा दादा
सुदर्शन